हार्ट केअरसाठी नावाजलेलं हॉस्पिटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटलच्या गेटवर मोठा बोर्ड लागतो, 'उत्कृष्ट हृदयरोग उपचारांसाठी सन्मानित', आणि मग लोकांचे मेसेज सुरू होतात. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी टाकतेय. मी हॉस्पिटलांच्या क्वालिटीच्या कामात असते, डॉक्टर नाहीये, त्यामुळे 'आईच्या रिपोर्टमध्ये असं असं आलंय, काय करू' याचं उत्तर इथे शोधू नका, ते तिच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

१. हार्ट केअरसाठी हॉस्पिटलला अवॉर्ड मिळालं म्हणजे नक्की कशासाठी मिळालं?

बोर्डवर सगळं सारखंच दिसतं पण त्यात तीन-चार पूर्ण वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे ॲक्रेडिटेशन, जेसीआय किंवा एनएबीएचसारखं, म्हणजे बाहेरची माणसं येऊन बघून जातात की औषधांची नोंद, इन्फेक्शन कंट्रोल, आग लागली तर काय करायचं वगैरे नियम पाळले जातात का. हे अख्ख्या हॉस्पिटलचं असतं, फक्त हार्टचं नाही. दुसरं म्हणजे ठराविक आजारात ठराविक गोष्टी वेळेवर आणि न चुकता केल्याबद्दलची मान्यता, अमेरिकन हार्ट असोसिएशनची 'गेट विथ द गाईडलाईन्स' ही त्यातली सगळ्यात माहितीतली. तिसरं म्हणजे रिझल्टवर दिलेलं रेटिंग, ऑपरेशननंतर किती पेशंट दगावले, किती जणांना कॉम्प्लिकेशन झाली त्यावर. आणि चौथं, मासिकांच्या 'टॉप हॉस्पिटल्स'च्या याद्या, ज्यात बऱ्याचदा डॉक्टरांमध्ये असलेलं नाव हा पण एक भाग असतो. काही याद्यांचा लोगो जाहिरातीत वापरायला हॉस्पिटलला फी भरावी लागते हे पण माहीत असलेलं बरं.

म्हणून बोर्ड बघितला की दोनच गोष्टी वाचा, कुठल्या आजारासाठी आणि कुठल्या वर्षासाठी. या दोन गोष्टी लिहिलेल्याच नसतील तर तो बोर्ड सजावटीचा समजा.

२. गोल्ड, सिल्व्हर, गोल्ड प्लस यात काय फरक?

फरक मुख्यतः किती काळ सातत्य ठेवलं याचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तो आजार) कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. ठरलेल्या यादीतल्या गोष्टी किमान ८५ टक्के पात्र पेशंटच्या बाबतीत सलग १२ महिने केल्या तर सिल्व्हर, सलग २४ महिने केल्या तर गोल्ड. 'प्लस' लागतं ते आणखी एका जादा यादीत किमान ७५ टक्के गाठले तर.

यात 'पात्र' हा भाग महत्त्वाचा आहे. पेशंटचे ठोके आधीच खूप कमी असतील तर त्याला बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी गोळी) देत नाहीत, मग डॉक्टरांनी कारण लिहून ठेवलं की तो पेशंट त्या हिशोबातून बाहेर. आणि उलटं, गोळी दिली पण केस पेपरवर लिहिली नाही तर ती दिलीच नाही असं धरतात. त्यामुळे अवॉर्डमध्ये उपचार जितके मोजले जातात तितकीच नोंद ठेवायची शिस्त पण मोजली जाते. ही माझ्या मते कमी महत्त्वाची गोष्ट नाहीये, कारण ज्या वॉर्डात लिहायची शिस्त आहे तिथे रात्रपाळीच्या सिस्टरला दिवसा काय झालं ते कळतं.

३. बायपासला 'थ्री स्टार' रेटिंग आहे म्हणतात. तीनच स्टार? म्हणजे मध्यमच ना?

नाही नाही, तीन हेच सगळ्यात वरचं आहे. हे अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सचं रेटिंग, हॉटेलच्या पाच स्टारशी काही संबंध नाही. त्यांचा हार्ट सर्जरीचा डेटाबेस १९८९ पासून आहे. दोन स्टार म्हणजे अपेक्षेइतकं, आणि बहुतेक चांगली हॉस्पिटलं इथेच असतात. एक स्टार म्हणजे अपेक्षेपेक्षा खाली. बायपाससाठी बघताना फक्त मृत्यू बघत नाहीत, मोठी कॉम्प्लिकेशन्स, छातीच्या आतली मॅमरी धमनी ग्राफ्टसाठी, म्हणजे रक्ताच्या नव्या वाटेसाठी, वापरली का (ती पायाच्या शिरेपेक्षा जास्त वर्षं टिकते) आणि औषधं नीट दिली का हे पण धरतात.

४. 'डोअर टू बलून' ९० मिनिटं म्हणजे काय? कोण मोजतं?

मोठा अटॅक, ज्याला डॉक्टर स्टेमी म्हणतात, त्यात हृदयाची एक धमनी पूर्ण बंद झालेली असते आणि स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. पेशंट हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून ती धमनी कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली) बलूनने किंवा दुसऱ्या साधनाने उघडेपर्यंतचा वेळ म्हणजे डोअर टू बलून. हा वेळ ९० मिनिटांच्या आत असावा असं धरतात, त्यातला पहिला इसीजी १० मिनिटांच्या आत काढून डॉक्टरने बघितलेला हवा.

आता हे मोजतात कसं ते सांगते. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला आल्याची वेळ, इसीजीच्या कागदावर छापलेली वेळ, आणि कॅथ लॅबच्या मॉनिटरवर धमनी उघडल्याची वेळ, अशा तीन ठिकाणच्या वेळा जुळवायच्या असतात. आणि तीनही घड्याळं वेगळी! इसीजी मशीनचं घड्याळ चार मिनिटं मागे, कॅथ लॅबचं दोन मिनिटं पुढे असं असतं, मग कागदावर इसीजी पेशंट यायच्या आधीच काढलेला दिसतो. ज्या हॉस्पिटलात हे काम गंभीरपणे चालतं तिथे कोणीतरी नियमित फिरून सगळी घड्याळं मिळवत असतं. अवॉर्डच्या फोटोत हा माणूस कधी दिसत नाही.

वेळ कमी होतो तो डॉक्टरांनी हात भराभर चालवून नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला स्वतःच्या अधिकारात कॅथ लॅब चालू करायला सांगता येते, कार्डिओलॉजिस्टची वाट बघत बसावं लागत नाही. एका फोनवर सगळी टीम बोलावली जाते. टीम २०-३० मिनिटांत पोचते. ॲम्ब्युलन्समध्येच इसीजी काढून पुढे पाठवला जातो. आणि प्रत्येक केसनंतर कुठे किती मिनिटं गेली ते लगेच सगळ्यांना कळवलं जातं. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीने २००६ मध्ये याच गोष्टींची मोहीम काढली आणि तिथली हॉस्पिटलं खरंच सुधारली.

५. मग ४५ मिनिटंवालं हॉस्पिटल ७५ मिनिटंवाल्यापेक्षा नक्कीच चांगलं?

इतकं सरळ नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यात २००५ ते २००९ या काळात डोअर टू बलूनचा मधला आकडा ८३ मिनिटांवरून ६७ वर आला होता, पण हॉस्पिटलमध्ये दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं, ४.८ वरून ४.७ टक्के. त्यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं असं की मधल्या काळात जास्त सिरियस पेशंटची पण अँजिओप्लास्टी व्हायला लागली म्हणून आकडा हलला नाही. पण एक गोष्ट कोणी नाकारत नाही, की धमनी बंद झाली तेव्हापासून वेळ सुरू होतो, हॉस्पिटलचं दार आलं तेव्हापासून नाही. घरी 'ॲसिडिटी असेल, सकाळी बघू' म्हणत घालवलेले तीन तास कुठल्याच अवॉर्डमध्ये मोजलेले नसतात, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथेच झालेलं असतं.

शिवाय काही केसेस हिशोबातून वगळतात. पेशंटचं हृदय दारातच बंद पडलं आणि आधी सीपीआर द्यावा लागला, किंवा नातेवाईकांनी सही द्यायला तासभर लावला, तर तो उशीर हॉस्पिटलच्या व्यवस्थेचा धरत नाहीत. हे योग्यच आहे, पण वगळलेल्या केसेस खूप जास्त असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

६. छातीत दुखायला लागलं तर जवळच्या साध्या हॉस्पिटलात जायचं की लांबच्या अवॉर्डवाल्या?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर असं, की त्या वेळेला तुम्ही ठरवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, पेशंटला तर अजिबात चालवायला देऊ नका. ॲम्ब्युलन्समध्ये डिफिब्रिलेटर असतो, ठोके अचानक बिघडले तर शॉक देता येतो, तुमच्या गाडीत तो नसतो. इसीजीची सोय असलेली ॲम्ब्युलन्स असेल तर त्यांना थेट कॅथ लॅबवाल्या हॉस्पिटलला नेता येतं आणि आधी कळवता येतं.

ॲम्ब्युलन्सची सोयच नसेल तर चोवीस तास चालू असलेली कॅथ लॅब जिथे लवकर गाठता येईल तिथे. तसं काही जवळपास नसेल तर सगळ्यात जवळच्या इमर्जन्सीत. का ते ७ मध्ये आहे. अवॉर्डचा विचार हे सगळं शांत असताना, आधी करून ठेवायचा असतो.

७. जवळच्या हॉस्पिटलने आधी गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि मग मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. पैसे काढायला केलं का? वेळ फुकट गेला ना?

उलट बहुतेक वेळा वेळ वाचलेला असतो. नियम असा आहे की दुसऱ्या हॉस्पिटलला नेऊन बलून होईपर्यंत १२० मिनिटांच्या वर जाणार असं दिसत असेल आणि त्रास सुरू होऊन १२ तास झालेले नसतील, तर इंजेक्शन आधी, आणि ते पण आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. मग पेशंटला पुढे पाठवतात, आणि इंजेक्शन लागू पडलं असेल तर साधारण २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात. लागू पडलं नाही तर लगेच. ज्यांना आधी मेंदूत रक्तस्राव झालाय किंवा अलीकडे मोठं ऑपरेशन झालंय अशांना हे इंजेक्शन देत नाहीत, त्यांना सरळ पाठवावं लागतं. त्यामुळे शेजाऱ्याला दिलं आणि आमच्या बाबांना का नाही, याचं उत्तर बहुतेक इथे सापडेल.

चांगल्या मोठ्या हॉस्पिटलची एक खूण पण यातच आहे. ते आजूबाजूच्या लहान हॉस्पिटलांशी आधीच ठरवून ठेवतात की कोणाला फोन करायचा, काय द्यायचं, 'बेड आहे का बघून सांगतो' असलं काही नाही.

८. आम्ही नावाजलेल्या हॉस्पिटलला गेलो तर इसीजी काढला आणि तीन तास नुसतं बसवून ठेवलं, रक्त दोनदा घेतलं. ९० मिनिटांचं काय झालं?

९० मिनिटं फक्त ४ मधल्या मोठ्या अटॅकसाठी. इसीजीत तसं काही नसेल तर ट्रोपोनिन नावाची रक्त तपासणी करतात आणि ती काही तासांनी परत करावी लागते, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी रक्तात ते वाढायला वेळ लागतो आणि एका आकड्यापेक्षा तो वर चाललाय का खाली हे जास्त सांगून जातं. ते तीन तास म्हणजे उपचारच चालू होते. पण हो, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल तर ती त्यांची चूक, आणि बसून असताना दुखणं वाढलं, घाम फुटला, तर रांग वगैरे न बघता सिस्टरला हाक मारा, इसीजी परत काढायला हवा.

९. रात्री दोन वाजता किंवा सुट्टीच्या दिवशी पण तेच मिळतं का?

मिळायला हवं. पण रात्री टीम घरून येते, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो हे खरंय. सरळ विचारा, 'रात्रीची टीम आवारात असते का घरून बोलावता, आणि किती मिनिटांत येते?' ज्यांच्याकडे उत्तर आहे ते लगेच देतात.

१०. मृत्युदर कमी म्हणजे हॉस्पिटल चांगलं, इतकं साधं नाही का?

नाही, कारण पेशंट कोण येतात त्यावर आकडा ठरतो. ऐंशी वर्षांचे, किडनी खराब, आधी एक बायपास झालेले असे पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलचा कच्चा आकडा वाईटच दिसणार. म्हणून रिस्क ॲडजस्ट केलेला आकडा बघायचा, म्हणजे अशा पेशंटमध्ये किती दगावणं अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात किती दगावले.

न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बायपासचे मृत्यूचे आकडे हॉस्पिटलनुसार आणि पुढे सर्जननुसार जाहीर करायला सुरुवात केली. त्यानंतर आकडे सुधारले, पण तेव्हापासूनच ही पण तक्रार आहे की आकडा बिघडेल या भीतीने काही सर्जन अवघड पेशंट घ्यायला कचरतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून तुमची केस अवघड असेल तर 'तुमचा मृत्युदर किती' यापेक्षा 'माझ्यासारख्या केसेस तुम्ही करता का, वर्षाला किती' हे विचारलेलं जास्त उपयोगी.

११. मग किती केसेस करणारं हॉस्पिटल चांगलं?

२०१३ मध्ये अमेरिकन संघटनांनी अँजिओप्लास्टीसाठी सांगितलेला किमान आकडा डॉक्टरमागे वर्षाला ५० आणि हॉस्पिटलमागे २०० असा आहे. हा तळाचा आकडा आहे, त्याच्या वर गेलं की जास्त म्हणजे आणखी चांगलं असं आपोआप होत नाही. फार जास्त आकडा असेल तर सगळ्यांना गरज होती का, हा पुढचा प्रश्न येतो, तो १२ मध्ये.

१२. बाबांना त्रास फक्त जिने चढताना होतो, हॉस्पिटल मोठं आहे, अवॉर्ड पण आहे, 'उद्याच स्टेंट टाकू' म्हणतात. टाकायचा का?

टाकायचा की नाही ते मी सांगू शकत नाही, पण 'उद्याच' या घाईचं कारण विचारा. अटॅक आलेला नाहीये, त्रास बरेच महिने तसाच आहे, वाढलेला नाही, अशा स्थिर पेशंटमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या चाचणीत ५,१७९ पेशंट होते. निम्म्यांना चांगली औषधं आणि सोबत अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. साधारण तीन वर्षांत मृत्यू किंवा अटॅक या बाबतीत पहिल्या गटाला ठळक फायदा दिसला नाही. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास जास्त होता त्यांचा त्रास मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाला. म्हणजे स्थिर पेशंटमध्ये स्टेंट टाकायचं मुख्य कारण त्रास कमी करणं हे असतं. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले आणि पंपिंग खूप कमी असलेले पेशंट त्या चाचणीत नव्हते, त्यांचा हिशोब वेगळा.

मधल्या ब्लॉकेजसाठी, म्हणजे ५० ते ७० टक्के वगैरे, एफएफआर नावाची प्रेशर वायरची तपासणी असते. आकडा ०.८० पेक्षा जास्त आला तर त्या ब्लॉकेजमुळे रक्तपुरवठा खरा अडत नाहीये असं धरतात. 'एफएफआर केलं का' एवढा एक प्रश्न विचारून बघा. आणि दुसरं मत घ्यायचंय म्हणालात तर चांगलं हॉस्पिटल अँजिओग्राफीची सीडी हातात देतं, तोंड वाकडं करत नाही. हे झालं स्थिर पेशंटचं. त्रास नुकताच सुरू झालाय, बसल्या बसल्या होतोय, वाढत चाललाय, तर तो स्थिर नाही, तिथे थांबू नका, ६ वाचा.

१३. सासूबाईंना हार्ट फेल्युअर आहे, दर दीड-दोन महिन्यांनी पाणी भरतं आणि ॲडमिट करावं लागतं. चांगल्या हॉस्पिटलात पण असं होतं का?

होतं, पण किती होतं यावर हॉस्पिटलची परीक्षा असते. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत परत ॲडमिट होणं इतकं महत्त्वाचं मानतात की अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजना ऑक्टोबर २०१२ पासून जास्त प्रमाण असलेल्या हॉस्पिटलांचे पैसे कापते, आणि पहिल्याच यादीत हार्ट फेल्युअर होतं.

परत ॲडमिट होणं टळतं ते बऱ्याचदा साध्या गोष्टींनी. डिस्चार्जनंतर सात दिवसांत, फार तर चौदा दिवसांत, पहिली व्हिजिट ठरलेली असणं, तारीख कागदावर लिहून. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच वजनकाट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, सूज दिसायच्या आधी काटा सांगतो, आणि त्या दिवशी कोणाला फोन करायचा तो नंबर घरी असायला हवा. पंपिंग कमी असलेल्या पेशंटसाठी आता औषधांचे चार गट मानतात, एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागी नवीन एआरएनआय, बीटा ब्लॉकर, एमआरए आणि एसजीएलटी२ इनहिबिटर. यातलं एखादं नसेल तर कारण विचारा, कारण असू शकतं (किडनी, पोटॅशियम, बीपी), पण ते डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. एसजीएलटी२ मूळची डायबेटिसची गोळी आहे, 'सासूबाईंना शुगर नाही तरी का दिली' म्हणून परस्पर बंद करणारे पण भेटलेत.

१४. डिस्चार्जच्या दिवशी काय बघून घ्यायचं?

अटॅकनंतर असेल तर कार्डावर ॲस्पिरिन आणि सोबत दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टॅटिन, आणि पंपिंगचा आकडा. दुसरी गोळी कधीपर्यंत घ्यायची ती तारीख लिहून घ्या. अटॅकनंतर साधारण १२ महिने असते, रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर कमी करतात. मधे दात काढायचाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे म्हणून कोणी बंद करायला सांगितली तर आधी कार्डिओलॉजिस्टला फोन, स्टेंट नवीन असताना गोळी अचानक बंद केली तर तो गुठळीने बंद होऊ शकतो. आणि कार्डिॲक रिहॅब लिहिलंय का बघा. व्यायाम, सल्ला आणि देखरेख असा तो कार्यक्रम असतो, फायदा सिद्ध झालेला आहे आणि तरी सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ हीच.

१५. बायकांना अटॅक वेगळा येतो का? हॉस्पिटलला ते ओळखता येतं का?

छातीत दुखणं बायकांमध्ये पण सगळ्यात कॉमन आहे. पण सोबत दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, खूप थकवा हे जास्त दिसतं, आणि डायबेटिस असलेल्या किंवा वयस्कर माणसांमध्ये कधीकधी छातीत दुखतच नाही. म्हणून चांगल्या इमर्जन्सीत नियमच असतो की ठराविक वयाच्या पुढे अशी तक्रार आली की आधी इसीजी, बाकीची चौकशी नंतर. 'टेन्शन घेता का हो' हा प्रश्न इसीजीच्या आधी आला तर मी तिथेच इसीजी मागेन.

१६. बाळाच्या हृदयाला भोक आहे. त्याच अवॉर्डवाल्या हॉस्पिटलात न्यायचं का?

तो अवॉर्ड मोठ्यांच्या अटॅकचा किंवा हार्ट फेल्युअरचा असेल तर त्याचा इथे काही संबंध नाही. जन्मजात हृदयरोग ही वेगळी शाखा आहे, सर्जन वेगळे, भूल देणारे वेगळे, आयसीयू पण वेगळं.

१७. अवॉर्ड नसलेलं हॉस्पिटल म्हणजे वाईट का?

अजिबात नाही. भाग घेणं बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतं, डेटा भरायला माणसं लागतात, फी असते, लहान हॉस्पिटलला जमत नाही. अशा वेळी ४, ९ आणि ११ मधले प्रश्न विचारा. जिथे स्वतःचे आकडे स्वतः ठेवतात आणि वाईट महिन्याबद्दल पण बोलतात तिथे मला बोर्डपेक्षा जास्त भरवसा वाटतो.

१८. काका पायाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट होते, तिथेच वॉर्डात अटॅक आला. हॉस्पिटल हार्टसाठी नावाजलेलं होतं तरी बराच उशीर झाला. असं कसं?

याचं उत्तर मोजणीतच आहे. डोअर टू बलूनमध्ये घड्याळ दारापासून सुरू होतं, आणि आधीच आत असलेल्या पेशंटला दार नाही, त्यामुळे अशा केसेस त्या आकड्यात धरत नाहीत. ऑपरेशननंतर पेशंट गुंगीत असतो, दुखण्याची औषधं चालू असतात, छातीत दुखलेलं कळत नाही, वॉर्डातल्या सिस्टरला अटॅकपेक्षा जखमेची काळजी जास्त असते, आणि नुकतंच ऑपरेशन झालंय म्हणून गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, रक्त पातळ करणारी औषधं पण जपूनच. अशा पेशंटचे रिझल्ट बाहेरून आलेल्यांपेक्षा वाईट असतात हे अभ्यासांत दिसलंय. काही हॉस्पिटलांनी यासाठी वेगळी व्यवस्था केलीये, वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला डॉक्टरची वाट न बघता इसीजी काढता येतो आणि एका नंबरवर हार्टची टीम बोलावता येते. कोणाचं मोठं ऑपरेशन ठरलं असेल आणि आधीपासून हार्टचा त्रास असेल, तर ॲडमिट होतानाच विचारून ठेवा की वॉर्डात छातीत दुखलं तर इसीजी कोण काढतं आणि तो किती वेळात कोण बघतं.